रेडीमेड खुराड्याचं किट : बॉक्सवर सहा लिहिलंय, तुम्ही तीन धरा

घरी हौसेने कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न खुराड्याचाच येतो, आणि सुताराच्या मागे लागायचा कंटाळा असेल तर ऑनलाइन ही लाकडी किट मिळतात, वर झोपायची खोली, खाली जाळी मारलेलं छोटं अंगण, बाजूला अंड्यांचे दोन खोके. कंपनीचं नाव लिहीत नाही, फोटो बघितले तर सगळी एकाच साच्यातली वाटतात त्यामुळे हे बहुतेकांना लागू पडेल.

आधी जागेचं बोलू कारण खरी गोम तिथेच आहे. बॉक्सवर ठळक लिहिलंय ‘६ कोंबड्यांसाठी’. झोपायची खोली मोजली तर ३ फूट बाय २ फूट, म्हणजे ६ चौरस फूट. आता एका कोंबडीला आत साधारण ४ चौरस फूट आणि बाहेरच्या अंगणात ८ ते १० चौरस फूट धरतात, त्या हिशोबाने इथे दोनसुद्धा ऐसपैस राहणार नाहीत. दिवसभर मोकळ्या सोडणार असाल आणि हे फक्त रात्री झोपायला असेल तर तीन चालतात, तीनच्या वर नको. दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटणं, टोचून रक्त काढणं सुरू होतं आणि मग लोक म्हणतात कोंबडीच मारकी निघाली. आणि हो, एकटी कोंबडी आणू नका, ती कळपात राहणारी आहे, दोन-तीन तरी हव्यातच. (अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. पिल्लं हवी असतील तरच लागतो.)

बसायची दांडी सगळ्यात वाईट. झाडूच्या दांड्याएवढी बारीक, गोल, गुळगुळीत, आणि वर ती अंड्यांच्या खोक्यांपेक्षा खाली लावलेली. कोंबडी संध्याकाळी आपणहून सगळ्यात उंच जागा शोधते, त्यामुळे आमच्या बाया सरळ खोक्यात जाऊन झोपायला लागल्या आणि रात्रभराची सगळी घाण तिथेच, सकाळी अंडं उचललं की बोटाला शिट. दोन इंच रुंदीची पट्टी, कडा घासून, खोक्यांच्या वर बसवली तेव्हा प्रकार थांबला. रुंद पट्टीवर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाच्या पिसांखाली बोटं झाकून घेते, रात्री टॉर्च मारून बघा, मस्त दिसतं.

जाळी षटकोनी, ती कोंबडीला आत ठेवते पण बाहेरच्याला अडवत नाही. उंदीर मोठ्या भोकातून आरामात घुसतो आणि कुत्र्याने जोर लावला तर ती फाटते. तिच्यावरून अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी भोकांची तारेची जाळी) मारून घ्या, खाली जमिनीत फूटभर गाडा नाहीतर बाहेरच्या बाजूला आडवी अंथरा म्हणजे खणून येणारा अडतो. दाराला नुसता आकडा दिलाय, तो काढून स्प्रिंगवाली कडी लावा.

हवेचं म्हणाल तर खिडकी आहे पण खाली, कोंबड्यांच्या अंगाच्या उंचीला. म्हणजे झोपेत थेट वारा अंगावर आणि वरची दमट हवा तिथेच कोंडलेली, सकाळी दार उघडलं की अमोनियाचा वास नाकात जातो. छताखाली वरच्या कडेला भोकं पाडून आतून जाळी लावली, वास बराच कमी झाला.

आवडलं काय तर खालचा पत्र्याचा ट्रे. सरळ ओढायचा, खरवडायचा, भुसा टाकायचा, परत सरकवायचा, लहान मूलसुद्धा करेल (नंतर हात साबणाने धुवायला लावा, शिटेत साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो). फक्त या किटमध्ये लाकडाचे सांधे फार आणि लाल माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव) तिथेच दिवसा लपून बसतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. त्यामुळे दांडीची टोकं अधूनमधून काढून बघत जा.

सोबत दाण्याचं भांडं, पाण्याचं भांडं आणि ‘लेयर’ म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याची छोटी पिशवी येते. भांडी ठीक आहेत. पिशवीवर मात्र कुठल्या वयाला द्यायचं ते लिहिलेलंच नाही आणि हा मला निष्काळजीपणा वाटतो. लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते अंड्याच्या कवचासाठी, लहान पिल्लांना तेच दिलं तर किडनी खराब होते. पिल्लांना स्टार्टर खाद्य, मग वाढत्या वयात ग्रोअर, आणि अंड्यावर यायच्या सुमारास म्हणजे १८ आठवड्यांच्या आसपास लेयर. मोठी कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते त्यामुळे पिशवी तशीही लवकर संपते.

पाचपैकी अडीच स्टार, त्यातला एक नुसता ट्रेसाठी. जाळी, कडी आणि पट्टीचा खर्च किमतीत धरूनच घ्यायचं की नाही ते ठरवा, आणि ही सगळी दुरुस्ती कोंबड्या यायच्या आधी उरका, कारण त्या आल्यावर पहिला आठवडाभर त्यांना आतच ठेवावं लागतं म्हणजे हे आपलं घर आहे हे त्यांना कळतं, आणि तेव्हा तिथे ड्रिल मशीन चालवून काही उपयोग नाही.