शाळेसाठी पाणी-परीक्षण संच घेताना

पैठण तालुक्यातील आमच्या शाळेने गेल्या वर्षी साडेतीन हजार रुपयांचा एक पाणी-परीक्षण संच मागवला. तलावाचे विज्ञान मुलांना त्यातून शिकता येईल, असे विक्रेत्याने सांगितले होते. नाथसागराच्या फुगवट्यावर आणि गावाजवळच्या पाझर तलावावर तो वर्षभर वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासायला हा संच बरा आहे; तलाव शिकवायचा असेल तर मात्र शिक्षकाला पुस्तिका बाजूला ठेवावी लागते.

पुस्तिकेतली प्रत्येक चाचणी ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ या शब्दावर संपते. नमुना दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती खोलीवरून घ्यायचा, याविषयी त्यात अक्षरही नाही. मार्चमध्ये पाझर तलावाचे पाणी शेवाळाने हिरवे झाले होते, तेव्हा ही उणीव उघडी पडली. सकाळी सहाला सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) ‘योग्य’ आला आणि दुपारी तीनला, त्याच दगडावर उभे राहून घेतलेल्या पाण्याचा सामू 8.5 च्या वर जाऊन ‘अयोग्य’ ठरला. पिण्याच्या पाण्यासाठी 6.5 ते 8.5 ही मर्यादा आहे, तीच संचाने तलावाला लावली होती. मुलांना संच बिघडला असे वाटले. वास्तविक शेवाळाने दिवसभर प्रकाशसंश्लेषण करून पाण्याला आम्लता देणारा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला होता, म्हणून सामू चढला होता.

याच दिवशी केलेली विरघळलेल्या प्राणवायूची चाचणी ही संचाची खरी जमेची बाजू म्हणावी लागेल. बुडबुडा न राहू देता भरलेल्या बाटलीत दोन द्रावणांचे थेंब टाकले की प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो आणि नसेल तर तो पांढराच राहतो. पुढे आम्ल टाकून साका विरघळवायचा, स्टार्चने निळा रंग आणायचा आणि तो जाईपर्यंत हायपोचे (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचे) थेंब मोजायचे. आमच्या संचात एक थेंब म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. सकाळी 4 थेंब लागले, दुपारी 11. तीस अंश तापमानाला हवेतून पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मुरतो, मग हा जास्तीचा आला कुठून, हे सातवीच्या एका मुलीने आपणहून विचारले आणि पुढचा तास तिथेच, बांधावर झाला. रात्री हेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि म्हणून तळ्यातले मासे बहुधा पहाटे वर येऊन तोंड उघडतात, हे त्यांना घरी ठाऊक होतेच.

संचातली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी सेक्की तबकडी. सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची, इतके सोपे हे काम आहे. काठावरून मात्र ती आधी तळालाच टेकते, म्हणून मासेमारी करणाऱ्या दादांच्या होडीतून मी एकटाच गेलो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात ती हातभर खोलीवर गडप झाली, डिसेंबरात बरीच खाली दिसत राहिली. दोरीवर खुणा नव्हत्या. गाठी आम्हीच मारल्या.

तक्रार आहे ती सुरक्षिततेची. प्राणवायूच्या चाचणीतले आम्ल तीव्र असूनही सोबत हातमोजे नव्हते आणि बाटलीवरची सूचना केवळ इंग्रजीत, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत होती. ते आम्ल मी मुलांच्या हाती दिले नाही. स्टार्चचे द्रावण एप्रिलच्या उन्हात नासले, नवे आम्ही साबुदाण्याच्या पेजेपासून केले आणि ते उत्तम चालले. हायपोची बाटली संपल्यावर विक्रेत्याने तीन आठवडे उत्तर दिले नाही, तेव्हा जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ते द्रावण करून आणले. घेणाऱ्या शाळांनी सुटी द्रावणे मिळण्याची हमी आधी लेखी मागून घ्यावी.