मुलांचा संधिवात आणि आतड्याची सूज: शौचाची तपासणी की कोलोनोस्कोपी?

संधिवात असलेल्या मुलाचं पोट सारखं दुखतंय, वजन वाढत नाहीये, तर आतड्याला सूज आहे का ते बघावंच लागतं. टाचा आणि कंबर धरणाऱ्या प्रकारात तर ही शंका आधी यावी.

कॅलप्रोटेक्टिनच्या तपासणीला शौचाचा छोटा नमुना पुरतो. सुई नाही, भूल नाही. पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन आतड्याला सूज आली की शौचात वाढतं. आकडा ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असला तर सूज असण्याची शक्यता कमी. वाढलेला दिसला तरी लगेच घाबरू नये, जुलाबाच्या संसर्गाने, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेननेही (नेमकी हीच औषधं या मुलांना असतात!) तो चढतो. अगदी लहान मुलांत तो मुळातच जास्त असतो.

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. त्यासाठी आधी पोट साफ करणं, मग भूल. मुलाचे हालच. पण व्रण प्रत्यक्ष दिसतात, तुकडा काढून तपासता येतो. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) निघाला तर औषधाची निवडही बदलते: इटानरसेप्ट सांध्यांना लागू पडतं, क्रोन्सला नाही, अडालिमुमॅब दोन्हींवर चालतं.

माझ्या मते सुरुवात शौचाच्या तपासणीनेच करावी. मात्र शौचातून रक्त जात असेल तर नुसत्या आकड्यावर विसंबून थांबू नये.