77,100 रुपयांची राख

77,100 रुपये. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरात आठवडाभर मी 'पन्नासेक हजार' म्हणत होतो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमचं कुळागर घाटाच्या पायथ्याशी. 320 पोफळी, मधे केळी, मिरवेली. दोन वर्षं कोवळ्या सुपाऱ्या गळत होत्या आणि हे रडगाणं मी बाजारात भेटेल त्याला ऐकवत होतो, त्यामुळे खत विकायला आलेल्या त्या दोघांना माझा पत्ता कुणी दिला हे शोधायला नको. गळ्यात ओळखपत्र, शर्टावर हिरवं पान. दोन पिनांचं यंत्र जमिनीत खुपसलं आणि दोन मिनिटांत नत्र, स्फुरद, पालाश, सामू (म्हणजे पीएच, मातीचा आंबटपणा), सगळं मोबाइलवर! "सर, माती मेलीय तुमची. सेंद्रिय कर्ब शून्य पॉइंट दोन."

तपासणीचे 1,500, सेंद्रिय प्रमाणपत्राच्या 'नोंदणी'चे 6,000, गांडूळखताच्या 120 गोण्या 580 प्रमाणे 69,600. खताचे निम्मे आधी यूपीआयने, निम्मे टेम्पो आल्यावर रोख. अनुदानातून अर्धे परत मिळणार होते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

पण खरं दुखतंय ते वेगळंच. त्यांनी दिलेल्या छापील अहवालात 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात लिहिलं होतं: काळी, कसदार. गोव्यात! जिथे पावसाळ्यात धोतर एकदा लाल झालं की जन्मभर लालच राहतं. मी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि म्हटलं, टायपिंगची चूक असेल. सोलापूरकडच्या कुणाचा तरी कागद माझं नाव घालून मला दिला होता आणि त्यावर सही करून मी पैसे पाठवले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने.

माझी बाजू एवढीच की मी लोभाने गेलो नाही. युरियाशिवाय बाग जगवायची, ओढ्यात रसायन जाऊ द्यायचं नाही, हे मनापासून होतं. त्यांनी नेमकं तेच हेरलं.

मिरगाच्या पहिल्या सरीनंतर एक गोणी पोफळीच्या आळ्यात रिकामी केली. वास नाही, गांडुळाचं अंडं नाही. मूठभर काचेच्या पेल्यात टाकून पाणी ओतलं. खाली बोटभर वाळू बसली, वर काळा थर तरंगत राहिला. भाताच्या तुसाची राख. पाचवीतला प्रयोग, एप्रिलमध्ये फुकट झाला असता. तुम्ही घेताना हा पेला विक्रेत्यासमोरच भरा. आणि गोणी हाताला जड, चिखलासारखी ओली लागली तर घेऊच नका. गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के असतो, त्याहून जास्त असेल तर तुम्ही पाणी विकत घेताय.

मग कचेऱ्या. कृषी कार्यालयात पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी बैठकीत. तिसऱ्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, पक्कं बिल कुठे? माझ्याकडे होती नुसती गुलाबी चिठ्ठी. नमुना घ्या म्हटलं, बाकीच्या गोण्या अजून शिवलेल्या आहेत. तर म्हणे नमुना विक्रेत्याकडचा लागतो. विक्रेता सापडला असता तर मी तुमच्या दारात आलो असतो का? पोलीस चौकीत सांगितलं, माल मिळालाय ना मास्तर, मग हा दिवाणी मामला. एकाने तर विचारलं, राख वाईट असते का? सेंद्रियचा गजर करणारी सगळी पत्रकं त्याच भिंतीवर चिकटवलेली होती. चार फेऱ्या, दोन अर्ज, पोच एकाचीच. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मला हे जूनमध्ये सुचलं.

प्रमाणपत्राचंही तेच. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घेण्याची सेंद्रिय प्रमाणपत्राची पद्धत; तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या बागा तपासतो. बागायतीला रासायनिकातून सेंद्रियात येण्याच्या रूपांतरात तीन वर्षं जातात. महिन्यात घरपोच देणारा चोर समजा. खताच्या गोणीवर उत्पादकाचं नाव, घटकांचं प्रमाण, तारीख नसेल तर हातही लावू नका. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने ते छापावंच लागतं.

शेवटी माती नीट तपासून घेतली. सावलीत वाळवून, बागेतल्या दहा जागांची एकत्र करून, अर्धा किलो. सेंद्रिय कर्ब भरपूर निघाला! पिढ्यान्‌पिढ्या झावळ्या, पाला, शेणखत त्याच मातीत जिरतंय, तो का नसेल? कमी होता पालाश, आमचा पाऊस तो धुऊन नेतो, आणि सामू 5.2, म्हणजे माती आंबट, तिला थोडा चुना. पोफळीला वर्षाला 140 ग्रॅम पालाश. 320 झाडांना म्युरिएट ऑफ पोटॅश या पालाशच्या खताच्या दीड गोण्या. दीड! बाकी गिरिपुष्पाचा पाला कुंपणावर फुकट वाढतोय.

माझ्या शब्दावर शेजारच्याने 15 गोण्या घेतल्या होत्या. 8,700 रुपये घेऊन त्याच्या अंगणात गेलो. वाटलं होतं, राहू दे सर म्हणेल. त्याने मोजून घेतले. बरोबर केलं.