परदेशी विद्यापीठात इंग्रजीची नोकरी: पणजीतील एका भरती संस्थेचा अनुभव
ओमानमधील विद्यापीठात इंग्रजी शिकवण्याची जागा मिळावी म्हणून गेल्या वर्षी मी पणजीतील एका भरती संस्थेची सेवा घेतली. मुलाखतीची तयारी त्यांनी मनापासून करून घेतली. नमुना पाठ तीनदा घ्यायला लावून माझ्या फळ्यावरच्या अक्षरापर्यंतचे दोष दाखवले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पगाराच्या बाबतीत मात्र वाईट वाटले. तोंडी सांगितलेल्या आकड्यात घरभाडे आणि वर्षाचे विमानभाडेही धरले होते, हे करारपत्रातील 'मूळ वेतन' या ओळीवर बोट ठेवून वाचले तेव्हा उमगले. नोकरी सोडताना मिळणारे उपदान मूळ वेतनावरच मोजले जात असल्याने हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. शिवाय शुल्क ४५,००० रुपये मागितले, वास्तविक भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात. नियम दाखवताच त्यांनी रक्कम कमी केली आणि रीतसर पावतीही दिली. तयारीसाठी मी म्हापसा-मडगावच्या उमेदवारांनाही हीच संस्था सुचवीन, परंतु पैसे भरण्याआधी मूळ वेतन आणि भत्ते वेगवेगळे लिहून घ्यावेत.