हार्डी म्हणून घेतलेला बांबूचा रॉड

२४० पौंड गेले. बायकोला १२० च सांगितलेत, तेव्हा आमच्या ओळखीतलं कोणी वाचत असेल तर प्लीज गप्प बसा.

मी न्यूकॅसलला असतो, मूळचा कोल्हापूरचा, लहानपणी पंचगंगेवर वेळूच्या काठीला गळ बांधून मासे धरलेले, त्यामुळे इथे आल्यावर मासेमारीचे जुने स्प्लिट केन रॉड बघितले आणि वेडच लागलं. बांबू उभा चिरून तिकोनी कांबट्या काढायच्या, अशा सहा कांबट्या सरसाने चिकटवून षटकोनी काठी करायची. बांबू चीनचा, टोंकिन म्हणतात त्याला, त्याच्या आधी आपल्याकडचा कलकत्ता केन चालायचा. असे रॉड करणारी हार्डी कंपनी १८७२ ची, तिचं गाव ॲनिक माझ्या घरापासून पाऊण-एक तासावर, त्यांच्या बांबूच्या रॉडना पॅलाकोना म्हणतात. एवढं सगळं माहीत असून फसलो.

जाहिरात होती ९ फुटी, तीन तुकड्यांचा पॅलाकोना, १९३० च्या सुमाराचा, आजोबांचा. त्या माणसाने एका पार्किंगमध्ये बोलावलं, संध्याकाळची वेळ, वर पाऊस, आणि रॉड असा चकचकीत की बघत राहावं. ९० वर्षांची वस्तू इतकी चकचकीत कशी हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं. पैसे ॲपवर ‘मित्र-नातेवाईक’ करून पाठव म्हणाला, फी वाचते. वाचली त्याची फी! तसे पाठवले की खरेदीचं संरक्षण मिळत नाही हे मला नंतर कळलं.

आमच्या मासेमारी क्लबातले एक गोरे आजोबा असे रॉड दुरुस्त करतात, त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायला नेला. त्यांनी तो जोडलाच नाही, तिन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. टोकाचा तुकडा तीन इंच आखूड. तुकडे सारख्या लांबीचे लागतात, आखूड आहे म्हणजे कधीतरी टोक मोडलंय आणि उरलेल्यावरच दोरी ओवायची कडी बसवलीय. मग मधला तुकडा कानाशी धरून हलकेच पिळला तर कट् कट् आवाज. आतला जुना सरस ओलीने गेलाय, कांबट्या सुटल्यात, आणि ते दिसू नये म्हणून वरून नवा दोरा करकचून गुंडाळलाय. तोही नायलॉनचा. रेशीम असतं तर व्हार्निश पिऊन गडद, जवळजवळ आरपार दिसलं असतं, हा नुसता चमकत होता.

तरी मी आपला म्हणतोय, अहो पण नाव लिहिलंय की हो वर. हार्डीचं नाव बांबूवर शाईने लिहून त्याच्यावर व्हार्निश मारलेलं असतं. आजोबांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकदा फिरवला आणि पॅलाकोनातला ‘ना’ बोळ्यावर आला. रीळ बसते तिथल्या धातूवर नंबर ठोकलेला शोधला, तिथे कोरं. शिवाय बुडाच्या तुकड्याचा बांबू बाकीच्या दोघांपेक्षा वेगळा, म्हणजे दोन रॉड मोडून एक केलेला. सुट्या भागांचे ४० मिळाले तर बघ म्हणाले.

त्या माणसाला मेसेज टाकला तर उत्तर आलं, बघून घेतलास ना, आणि लगेच ब्लॉक. दुकानदाराकडून घेतला असता तर इथल्या कायद्याने ३० दिवसांत परत करता आला असता, खाजगी विक्रीत वस्तू वर्णनाप्रमाणे नव्हती एवढंच धरून भांडता येतं आणि त्याने जाहिरातच काढून टाकलेली. स्क्रीनशॉट मी घेतला नव्हता. म्हणून सांगतो, निघायच्या आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, तुकडे शेजारी ठेवलेला फोटो मागा, टाळाटाळ केली की जाऊच नका, आणि गेलात तर दिवसाउजेडी, खिशात मोजायची टेप घेऊन.

सुटलेल्या कांबट्यांत मी घरी सुपरग्लू सोडणार होतो, आजोबा जवळजवळ ओरडलेच, नंतर उकलताच येत नाही म्हणे. सध्या बुडाच्या तुकड्यावर त्यांच्याकडे रेशीम गुंडाळायला शिकतोय. काल तिसऱ्यांदा उसवायला लावलं.