टीबीच्या गोळ्यांचे सहा महिने

मी पंचवटीत घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गेल्या गणपतीत मानेच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. जवळच्या डॉक्टरांनी सात दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड हे अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवसापासून जुलाब, आणि गाठ होती तिथेच. मग पाच दिवस दुसरं अँटिबायोटिक, लिव्होफ्लॉक्सासिन. गाठ जरा बसली, मला वाटलं सुटलो. पंधरा दिवसांत ती पुन्हा वर आली, शेजारी आणखी एक घेऊन. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालतं, त्यामुळे आजार जात नाही, नुसता दबतो आणि निदान लांबतं, हे मला नंतर कळलं. न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे राहिली तर गोळ्या बदलत बसू नका, गाठीत सुई घालून करतात ती तपासणी करून घ्या.

माझ्या तपासणीत टीबी निघाला. महापालिकेच्या दवाखान्यातून ऑक्टोबरात गोळ्या सुरू झाल्या, फुकट. वजन ४७ किलो, म्हणून रोज ३ गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि एथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन.

पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. सिस्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. रिफॅम्पिसिनचा रंग तो, घाम आणि अश्रूही तसेच होतात. पण डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, जेवण नकोसं झालं, उलट्या थांबेनात, तर ती कावीळ असू शकते. गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

सकाळी उपाशीपोटी गोळ्या म्हणजे चहाही नंतर. दिवाळीत चकलीच्या तेलाचा वास आला की पोटात ढवळायचं. मी दोन दिवस गोळ्या गाळल्या आणि तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. रक्त तपासलं, एसजीपीटी (यकृताला त्रास होतोय का ते सांगणारा आकडा) थोडं वाढलेलं होतं, गोळ्या बंद करण्याइतकं नाही. हलकं काही खाऊन घ्या म्हणाल्या, आणि ते जमलं. ॲसिडिटीचं औषध मात्र स्वतःच्या मनाने त्याच वेळी घेऊ नका, आयसोनियाझिड अंगाला कमी लागतं.

सगळ्यात जास्त त्रास सांध्यांचा झाला. पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं. गुडघे आणि घोटे इतके दुखायचे की मशीनचं पायडल मारवेना. सासूबाईंच्या वडिलांनी त्यांच्या काळी दीड वर्ष इंजेक्शनं नि गोळ्या घेतल्या होत्या. आता सहा महिन्यांत भागतं त्यात रिफॅम्पिसिनबरोबर या पायराझिनामाइडचाही हात आहे, हे मॅडमनी समजावलं, तेव्हा कुठे ते दोन महिने काढले. डिसेंबरात ते औषध थांबलं आणि पंधरा दिवसांत पाय मोकळे झाले.

बोटांना मुंग्या येतील ही मला मोठी धास्ती होती, सुई बोटातच असते ना. आयसोनियाझिडमुळे बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं म्हणून त्याची १० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू होती. एकदाही मुंग्या आल्या नाहीत.

डोळ्यांचं मात्र मीच मनावर घेतलं. एथॅम्ब्युटॉलने नजर मंद होऊ शकते आणि लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होतो. दर रविवारी सकाळी खिडकीत बसून डब्यातली लाल, मरून, पोपटी, बाटली हिरवी अशी रिळं काढायचे. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. येवल्याच्या एका पैठणीच्या काठावरचा हिरवा धागा दोन्ही डोळ्यांनी सारखाच दिसला पाहिजे, हा माझा नेम. रंग बदललेला वाटला असता तर पुढची गोळी घेण्याआधी मॅडमना दाखवायचं ठरलं होतं. दवाखान्यातली डोळ्यांची तपासणी झाली ती वेगळीच.

बायकांनी एक गोष्ट नक्की विचारा. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. मी न विचारता मॅडमनीच सांगितलं, म्हणून आम्ही वेळेत दुसरा उपाय केला. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.

तिसऱ्या महिन्यात गाठ अचानक मोठी झाली. औषध लागू पडत नाही असं वाटून मी रात्रभर रडले. पण गाठीच्या टीबीत उपचार नीट चालू असतानाही असं होतं, जंतू मरताना शरीरच जास्त जोरात उठतं. मॅडमनी तपासलं, गोळ्या त्याच ठेवल्या, आणि महिन्याभरात गाठ ओसरली.

फेब्रुवारीत द्राक्षं आली तेव्हा भूक परतली होती. पोषण आहाराचे पैसे महिन्याला १००० रुपयांच्या हिशोबाने खात्यात जमा व्हायचे, त्यातून अंडी आणि शेंगदाणे आणले. एप्रिलमध्ये गोळ्या संपल्या, वजन ५२. मानेत तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी अजून लागतं. बरी झालेली गाठ तेवढी राहू शकते, असं मॅडम म्हणाल्या. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे, पुढची तारीख ऑक्टोबरची.