बर्लिनमध्ये घर बघताय? हान्साफियर्टेल की कार्ल-मार्क्स-आले

दोन्ही वसाहती युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जागी उभ्या राहिल्या, आणि दोन्ही समोरच्या राजवटीला दाखवण्यासाठी बांधल्या गेल्या. तेव्हा शहर दुभागलेलं होतं. कम्युनिस्ट पूर्व बर्लिनने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टालिनआले हा हमरस्ता आणि त्यालगतची घरं उभारली. 1961 मध्ये त्या रस्त्याचं नाव कार्ल-मार्क्स-आले झालं. पश्चिमेने 1957 च्या इंटरबाउ या बांधकाम प्रदर्शनात हान्साफियर्टेल दाखवलं. घर मात्र इतिहास बघून घेऊ नका. आधी घराचा नकाशा मागवा, मग भिंती कशाच्या आहेत ते विचारा.

हान्साफियर्टेलमध्ये फिनलंडचा वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो याची आठ मजली इमारत आमच्या मते सगळ्यात सरस. लांबच लांब पॅसेज नाही. मधोमध मोठी खोली, तिला लागून आत घेतलेली गॅलरी आणि भोवती बाकीच्या खोल्या, अगदी माजघरासारखं. लहान मुलं असतील तर स्वयंपाक करताकरता त्यांच्यावर लक्ष राहतं. ब्राझीलचा वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर याच्या इमारतीत मजला नीट विचारा. तिथे लिफ्टचा मनोरा इमारतीबाहेर आहे आणि मूळ रचनेत तो दोनच मजल्यांना जोडलेला आहे. बाकी मजल्यांना जिना चढा-उतरावा लागतो. आईवडील सोबत राहणार असतील तर इथेच निर्णय होतो. बार्टनिंगआलेवरचे टॉवर रेल्वेला लागून आहेत, त्यामुळे खिडक्या बंद आणि उघड्या ठेवून आवाज ऐका. टियरगार्टन ही मोठी बाग पायी आणि यू-9 मेट्रो दारात, हे सुख वेगळंच.

कार्ल-मार्क्स-आले म्हणजे खरं तर दोन वस्त्या. स्ट्राउसबेर्गर प्लाट्झच्या पूर्वेची घरं विटांची आहेत, त्यात पडलेल्या इमारतींच्या विटाही वापरल्या. दर्शनी भागावरच्या सिरॅमिक फरशा पुढे निखळू लागल्या आणि 1990 च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली. विकत घेत असाल तर सोसायटीचा दुरुस्ती निधी आणि बैठकांची इतिवृत्तं वाचा. पश्चिमेकडचा, अलेक्झांडरप्लाट्झपर्यंतचा भाग 1959 नंतरचा, काँक्रीटच्या तयार पॅनेलचा. त्यात खोल्यांमधल्या आडव्या भिंतीच इमारतीचा भार पेलतात, म्हणून दोन खोल्या एक करायचा बेत असेल तर हा भाग सोडा. रस्ता सुमारे 90 मीटर रुंद आहे. झोपायची खोली मागच्या बाजूला हवी.

दोन्हीकडे वारसा संरक्षण आहे. खिडक्या बदलायच्या किंवा गॅलरी काचेने बंद करायची तर आधी परवानगी लागते. भाड्याने घेताना मालक सरकारी कंपनी आहे की खासगी, ते इमारतीगणिक तपासा. अनुदानित घराला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो अर्ज आधीच करून ठेवा.

मुलं असतील तर हान्साफियर्टेल. दोघंच असाल, संध्याकाळी बाहेर पडायची सवय असेल, तर यू-5 वरचा विटांचा पूर्व भाग.